इंग्रजीतला 'बाय' आपल्या मुलांना शिकवायचा कसा?

डिचोलीची बाई

नमस्कार मंडळी,

मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. इंग्रजी त्यांना पहिलीपासून असतं, पण एक विषय म्हणून. पाचवीत पाऊल टाकलं की विज्ञान, गणित, इतिहास सगळंच इंग्रजीतून. तिथे ती मोठ्या शब्दांना अडत नाहीत. 'फोटोसिंथेसिस'ची व्याख्या पुस्तकात असते, शेजारी चित्र असतं. अडतात ती 'बाय', 'ऑफ', 'फॉर', 'टू' यांच्यापाशी, कारण हे शब्द सगळ्यांना येतात असं गृहीत धरलेलं असतं. त्यातल्या एकट्या 'बाय'साठी हा धागा काढते आहे.

गाइडमध्ये एक ओळ असते: बाय म्हणजे ने, कडून, जवळ, पर्यंत. मुलं ती पाठ करतात आणि मग लिहितात:

'ही कट द मँगो बाय अ नाइफ.'
'आय विल स्टे इन पोंडा बाय संडे.'
'ही वेंट टू स्कूल बाय ईटिंग.'

ही वाक्यं मराठीत परत नेऊन बघा. सुरीने कापला. रविवारपर्यंत राहीन. जेवून गेला. तिन्ही मराठी वाक्यं शुद्ध आहेत. मुलाने मराठीतून विचार केला, यादीवर विश्वास ठेवला आणि यादीने त्याला दगा दिला. कारण ती यादी इंग्रजीकडून मराठीकडे येणारी आहे आणि मूल जातं उलट दिशेने, मराठीकडून इंग्रजीकडे. म्हणून माझं ठाम मत असं की 'बाय'चे अर्थ शिकवूच नयेत. आपले प्रत्यय घ्यावेत, एकेक, आणि प्रत्येकाचं इंग्रजीत काय काय होतं ते दाखवावं.

'ने'पासून सुरू करा. सुरीने कापला, तिथे 'विथ'. बसने गेला, तिथे 'बाय'. तापाने फणफणला, पुन्हा 'विथ'. भुकेने मेला, 'ऑफ'. आणि रामाने आंबा खाल्ला, तिथे काहीच नाही! राम सरळ कर्ता होऊन पुढे येतो. हा शेवटचा 'ने' सगळ्यांत घातक. पाचवीतलं मूल 'ने' दिसला की 'बाय' ठेवून देतं आणि मग अख्खं वाक्य कोलमडतं.

'विथ' की 'बाय' यासाठी मी वर्गात एक खूण सांगते. हातात धरून वापरायची वस्तू असेल तर 'विथ'. जाण्याची, पाठवण्याची, करण्याची रीत असेल तर 'बाय', आणि त्या 'बाय'पुढे नाम उघडं राहतं: बाय बस, बाय पोस्ट, बाय फोन, बाय हँड. नामाला 'माय' किंवा 'हिज' चिकटला की 'बाय' सहसा टिकत नाही. 'हाताने लिहिलं' म्हणजे 'बाय हँड', पण 'डाव्या हाताने लिहिलं' म्हणजे 'विथ हिज लेफ्ट हँड'. 'सायकलने' म्हणजे 'बाय सायकल', पण 'माझ्या सायकलने' म्हणजे 'ऑन माय सायकल'. पायी जाणं मात्र 'ऑन फूट', ते तसंच लक्षात ठेवायचं.

तुम्ही कसं शिकवता, कसं शिकलात, कुठे अडलात ते लिहा. मला यातून मुलांसाठी एक सरावपत्रिका करायची आहे.

---

बेतीचा प्रवासी

बाई, उत्तम विषय. वाहनांच्या यादीत आपल्या गोव्याची भर घाला: बाय फेरीबोट. पणजी-बेती, रायबंदर-चोडण, जुनं गोवं-दिवाडी, मुलांना हे मार्ग माहीत असतात. पुस्तकातल्या 'बाय ट्राम'पेक्षा ते त्यांना जवळचं.

आणि 'बाय पायलट' मुद्दाम शिकवा. मोटरसायकलवरून भाड्याने नेणाऱ्याला आपण पायलट म्हणतो. 'आय केम बाय पायलट' हे इथे कोणालाही कळतं, बाहेरच्या माणसाला विमान आठवतं. शिवाय पायलट हा माणूस आहे, वाहन नव्हे, त्यामुळे तुमच्या नियमातही ते बसत नाही. 'बाय मोटरसायकल टॅक्सी' म्हणायला हवं.

---

आल्तिनो

मी मुक्तीआधी पोर्तुगीज शाळेत शिकलो, इंग्रजी नंतर आलं. बाईंनी 'पर्यंत'चं उदाहरण दिलं आहे, त्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण मला हा सगळ्यांत मोठा खड्डा वाटतो.

मराठीत 'सोमवारपर्यंत फॉर्म भर' आणि 'सोमवारपर्यंत कचेरी बंद आहे', दोन्हीकडे एकच 'पर्यंत'. कोकणीत दोन्हीकडे 'सोमारामेरेन'. पोर्तुगीजमध्ये दोन्हीकडे 'आते'. म्हणजे गोव्यातला माणूस यांपैकी कुठल्याही भाषेतून इंग्रजीकडे आला तरी त्याला हा भेद आयता मिळत नाही. इंग्रजी मात्र हट्टाने दोन शब्द मागते. फॉर्म भरायचा तो 'बाय मंडे'. कचेरी बंद राहणार ती 'अंटिल मंडे'.

भेद क्रियापदात आहे. फॉर्म भरणं एकदा होतं आणि संपतं. सोमवार ही त्याची शेवटची हद्द, रविवारी भरला तरी चालेल. बंद असणं मात्र सगळे दिवस चालू राहतं आणि सोमवार आला की थांबतं. आपल्या भाषा हे काम क्रियापदावर सोपवतात आणि अव्यय एकच ठेवतात. यात आपल्या भाषेत काही उणं आहे असं नाही. जर्मनमध्येही दोन्हीकडे 'बिस' हाच शब्द येतो.

मुलांना दोन प्रश्न शिकवा. 'कधीच्या आत?' असं विचारता आलं तर 'बाय'. 'किती काळ?' असं विचारता आलं तर 'अंटिल'.

पोर्तुगीजमधला 'पोर' हा बराचसा 'बाय'सारखा. 'एस्क्रितु पोर' म्हणजे अमुक एकाने लिहिलेलं, भागाकारातही 'पोर'. पण 'जवळ' हा अर्थ त्याच्यात नाही. तिथे तो 'बाय'पासून वेगळा होतो.

---

पंचायतीतला कारकून

आल्तिनो काकांनी नेमकं सांगितलं. आमच्या कामात रोज हेच. 'सबमिट बाय फिफ्टीन्थ जून' असं लिहिलं की १५ तारखेला दुपारी माणूस येतो आणि विचारतो, आज चालेल ना? सर्वसाधारण समज असा की 'बाय'मध्ये ती तारीख धरलेली असते. 'बिफोर फिफ्टीन्थ' म्हटलं तर १४ला संपलं. वाद नको म्हणून जाणकार माणूस 'ऑन ऑर बिफोर' लिहितो. मराठी नोटिशीत आम्ही 'दि. १५ रोजी किंवा तत्पूर्वी' लिहितो, ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट वाढ-घटीची. 'इन्क्रीज्ड बाय' आणि 'इन्क्रीज्ड टू' यांत लोक फार गोंधळतात. यात मराठी आपल्याला साथ देते, फक्त तिकडे लक्ष द्यायला हवं. दर दहा रुपयांनी वाढला, ही वाढ, म्हणून 'बाय'. दर साठ रुपयांवर गेला, हा पोचलेला आकडा, म्हणून 'टू'. 'नी' आणि 'वर' हे दोन प्रत्यय मुलाला आधीच येतात. त्यांना फक्त इंग्रजी जोडीदार दाखवायचे.

टक्के आले की जास्त जपायचं. कर ५ टक्के आहे आणि 'बाय टेन पर्सेंट' वाढला, तर तो साडेपाच होतो. 'टू टेन पर्सेंट' म्हटलं तर दहा. आणि सांगणाऱ्याच्या मनात पाचात दहा मिळवून पंधरा असतील तर त्याने 'टेन पर्सेंटेज पॉइंट्स' म्हणावं. एका 'बाय'वरून ठरावाचा अर्थ फिरतो.

---

वास्कोचा तारवटी

आयुष्य जहाजावर गेलं, म्हणून 'बाय अँड लार्ज'बद्दल लिहितो. शब्दकोशात 'सर्वसाधारणपणे' एवढंच दिलेलं असतं आणि 'बाय'चा तिथे काय संबंध ते कोणी सांगत नाही. हा शिडाच्या जहाजांचा शब्द आहे. 'बाय द विंड' म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याला जितकं धरून जाता येईल तितकं जाणं. 'लार्ज' म्हणजे वारा मागच्या अंगाने, मोकळा मिळणं. दोन्ही तऱ्हांनी चांगलं चालणारं जहाज 'बाय अँड लार्ज' चांगलं, म्हणजे एकंदरीत चांगलं.

होकायंत्रातही 'बाय' आहे. जुन्या होकायंत्राच्या वर्तुळाचे ३२ भाग, म्हणजे एकेक भाग सव्वाअकरा अंशांचा. 'नॉर्थ बाय ईस्ट' म्हणजे उत्तरेकडून पूर्वेकडे एक भाग सरकलेलं. 'नॉर्थ-ईस्ट' निराळं, ते पंचेचाळीस अंशांवर.

---

फर्मागुडी

भाषाशास्त्र शिकते आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडते. बाई म्हणतात अर्थ शिकवू नयेत. मला वाटतं एक अर्थ जरूर सांगावा, मूळचा. 'बाय'चा जुन्या इंग्रजीतला अर्थ 'जवळ, बाजूला'. जर्मन 'बाय' हा त्याचा सख्खा भाऊ आणि त्याचा अर्थ आजही 'जवळ, कडे' असाच आहे. इंग्रजीत हाच शब्द आखूड होऊन दुसऱ्या शब्दांना चिकटला: बिसाइड, बिहाइंड, बिफोर, बिनीथ, बियाँड. यांतला 'बि' म्हणजे 'बाय'च. 'बिकॉज' तर 'बाय कॉज'. आपण 'या कारणाने' म्हणतो, तेच.

बाजूपासून कर्त्यापर्यंत हा शब्द कसा पोचला? कर्मणी प्रयोगातला कर्ता इंग्रजीत नेहमी 'बाय'ने दाखवत नव्हते. पूर्वी तिथे 'फ्रॉम'चं जुनं रूप किंवा 'ऑफ' यायचा. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये 'बॅप्टाइज्ड ऑफ जॉन' अशी रचना आहे. हळूहळू ती जागा 'बाय'ने घेतली.

आता आपला 'कडून' बघा. 'कड' म्हणजे बाजू, काठ. 'नदीच्या कडेला' म्हणतो ती कड. 'त्याच्याकडून चूक झाली' म्हणजे त्याच्या बाजूने झाली. मराठीनेही कर्ता दाखवायला बाजूच निवडली. हे मुलांना सांगितलं की 'बाय द रिव्हर' आणि 'रिटन बाय' या दोन परक्या गोष्टी राहत नाहीत.

आणि 'रामाने'बद्दल. संस्कृतात 'रामेण फलं खादितम्' ही कर्मणी रचना होती, फळ रामाकडून खाल्लं गेलं. तिच्यासारख्या रचनांतूनच आपली 'रामाने फळ खाल्लं' ही रचना आली. म्हणून मुलाला तिथे 'बाय' सुचतो, ते अगदीच निराधार नाही, तिथे एकेकाळी 'बाय'सारखंच काही होतं. आज मात्र मराठीत राम हाच कर्ता आहे. 'मी खाल्लं', 'तू खाल्लंस' यांत तर 'ने' उरलाही नाही.

---

पर्वरी_पालक

एवढं सगळं मराठीतून समजावण्यापेक्षा मुलांना थेट इंग्रजी ऐकू द्या, बोलू द्या. आपोआप येईल. मुळात पहिलीपासून इंग्रजी माध्यम असतं तर हा प्रश्नच आला नसता.

---

संपादक

माध्यमाचा वाद इथे नको. इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याच्या २०११च्या निर्णयावर वेगळे धागे आहेत, तिथे लिहा. इथे 'बाय'वर बोलू.

---

डिचोलीची बाई

पालकांना एवढंच सांगते की ऐकून शिकणं खरंच सर्वांत चांगलं, पण ऐकायला मिळायला हवं. सत्तरीतल्या वाडीवरच्या मुलाला इंग्रजी ऐकू येतं ते वर्गात, रोज थोडा वेळ. उरलेला सगळा दिवस तो मराठीत, कोकणीत असतो. त्याच्याजवळ जे आहे ते वापरून पुढे न्यायचं, की जे नाही त्याची वाट बघत बसायचं? मी पहिला मार्ग धरते.

फर्मागुडी, 'कड' आणि 'बिकॉज' दोन्ही उद्याच फळ्यावर जाणार. पण एक सांगते. मूळ अर्थावरून शिक्षकाला सगळं जोडता येतं, दहा वर्षांच्या मुलाला नाही. 'बाय मंडे'मध्ये जवळपणा कुठे आहे, हे मोठ्यांनाही समजावून सांगावं लागतं. त्यामुळे मूळ अर्थ गोष्ट म्हणून सांगेन, नियम म्हणून नाही.

'ऊन'बद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिते. बटण दाबून दिवा लाव, इथे दाबणं ही लावण्याची रीत, म्हणून 'बाय प्रेसिंग'. जेवून शाळेत गेला, इथे जेवणं ही जाण्याची रीत नव्हे, आधी घडलेली गोष्ट, म्हणून 'आफ्टर ईटिंग'. मराठीत दोन्हीकडे 'ऊन'. मी मुलांना विचारते, 'कसं?' असं विचारल्यावर हे उत्तर येतं का? दिवा कसा लावला? दाबून. येतं. शाळेत कसा गेला? जेवून. नाही येत, मुलं हसतात, आणि नियम डोक्यात बसतो. माझ्या अनुभवात हा प्रश्न सगळ्यांत जास्त कामाला येतो.

दुसरं म्हणजे द्विरुक्ती. इंग्रजी जिथे दोन शब्दांच्या मध्ये 'बाय' ठेवते तिथे आपण शब्दच दोनदा म्हणतो. वन बाय वन, एकेक. स्टेप बाय स्टेप, टप्प्याटप्प्याने. डे बाय डे, दिवसेंदिवस. लिटल बाय लिटल, थोडं थोडं. भाषांतर करताना मुलं 'एक बाजूला एक' असलं काहीतरी लिहितात. त्यांना म्हणायचं, आधी आपला जोडशब्द आठव.

---

म्हापशाचा शुक्रवार

बाई, बाजारातला 'बाय' राहिला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक फेरी मारली की सगळा धडा होतो. मानकुराद आंबे डझनावर, 'बाय द डझन'. नारळ नगावर किंवा शेकड्यावर, 'बाय द हंड्रेड'. कांदे किलोवर, 'बाय द किलो'. मासळी बऱ्याचदा वाट्यावर. बांगड्यांचा वाटा लावून ठेवलेला असतो, भाव वाट्याचा, वजनाचा नाही. 'सोल्ड बाय द हीप' म्हणता येईल. मजुरी दिवसावर, 'बाय द डे'.

तुम्ही म्हणालात 'बाय'पुढे नाम उघडं असतं. इथे बघा, एकक आलं की 'द' लागतोच. आणि 'वजनावर' म्हटलं की पुन्हा उघडं, 'बाय वेट'. किलो हे एकक, वजन ही रीत.

---

डिचोलीची बाई

एकक आणि रीत. हे असं सुटं करून कोणी सांगितलं नव्हतं. सरावपत्रिकेत बाजाराचं पान नक्की.

---

गणिताचे सर, केपे

गणितात मुलांचा घोळ वेगळाच. बारा बाय तीन म्हणजे किती? वर्गात अर्धी मुलं चार म्हणतात, अर्धी छत्तीस. दोघांचंही चुकत नाही. आपल्याकडे अपूर्णांकाची तिरपी रेघ 'बाय' म्हणून वाचतात, 'डिव्हायडेड बाय'चा तो आखूड उच्चार. त्या हिशेबाने चार. पण खोली बारा बाय तीन असली तर क्षेत्रफळ छत्तीस. शिवाय 'मल्टिप्लाइड बाय'मध्येही 'बाय' आहेच. म्हणून मी वर्गात सुटा 'बाय' बोलूच देत नाही. भागाकार असेल तर 'डिव्हायडेड बाय' पूर्ण म्हणायचं, अपूर्णांक असेल तर 'थ्री फोर्थ्स' असं नाव घ्यायचं, आणि लांबी-रुंदीलाच 'बाय' ठेवायचा.

घरी मुलं ऐकतात तो तिसरा. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर १२/३ असतो, वडील तो 'बारा बाय तीन' वाचतात. तिथे ना भागाकार, ना गुणाकार. सर्व्हे नंबर बारा, त्यातला पोटविभाग तीन, एवढंच.

---

साखळीकर

'पोट'वरून आठवलं. जोडशब्दांतल्या 'बाय'ला मराठीत किती छान शब्द आहेत. बाय-इलेक्शन, पोटनिवडणूक. बायवे, आडवाट. बाय-प्रॉडक्ट, उपपदार्थ. मुख्य वस्तूच्या बाजूचं, दुय्यम असं काही असलं की इंग्रजी 'बाय' लावते, आपण पोट, आड, उप लावतो.

सोसायटीचे 'बाय-लॉज' मात्र बहुधा वेगळ्या घरातले. त्यातला 'बाय' जुन्या नॉर्स भाषेतल्या 'गाव' या अर्थाच्या शब्दापर्यंत नेतात. डॅनिशमध्ये शहराला आजही तोच शब्द आहे, आणि इंग्लंडमधल्या डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांच्या शेवटी तोच बसला आहे. म्हणजे मूळ अर्थ गावचा कायदा. आपण मराठीत त्याला पोटनियम म्हणतो ते आजच्या अर्थाला धरून, आणि ते बरोबरच आहे.

---

वाळपईची आई

धागा वाचून मुलाला बसवलं. 'कधीच्या आत' आणि 'किती काळ' त्याला पटकन कळलं. पण एका वाक्यावर आम्ही दोघंही अडलो. 'पाच वाजेपर्यंत वीज येणार नाही.' इथे बाय की अंटिल? येणं तर एकदाच होतं, मग 'बाय' हवा ना? पण पुस्तकात 'अंटिल' दिलं आहे.

---

आल्तिनो

ताई, वाक्यात 'नाही' आला की प्रश्न जरा बदलून विचारायचा. वीज येणं एकदाच होतं, खरं. पण वीज *नसणं* ही स्थिती आहे आणि ती पाचपर्यंत चालू राहते. किती काळ नाही? पाचपर्यंत. म्हणून 'अंटिल'. 'द पॉवर विल नॉट कम बॅक अंटिल फाइव्ह' वाचून माणूस समजतो की पाचला येईल.

त्याच जागी 'बाय' घातला, 'विल नॉट बी बॅक बाय फाइव्ह', तर वाक्य चूक ठरत नाही, पण निरोप बदलतो. पाच वाजले तरी आलेली नसेल, पुढे कधी येईल ते यात नाही. पहिलं वाचून माणूस पाचला पंप लावायच्या तयारीत राहील, दुसरं वाचून शेजाऱ्याच्या विहिरीवर जाईल.

भूतकाळातही असंच. 'तो सोमवारपर्यंत आला नव्हता' याला 'बाय': 'ही हॅड नॉट कम बाय मंडे'. सोमवारचा हिशेब झाला, पुढचं माहीत नाही. 'ही डिड नॉट कम अंटिल मंडे' म्हटलं की ऐकणारा समजतो, सोमवारी आला. मराठीत त्यासाठी 'सोमवारी कुठे आला' किंवा 'थेट सोमवारी आला' असं म्हणावं लागेल, नुसत्या 'पर्यंत'ने ते साधत नाही.

---

डिचोलीची बाई

काका, नकाराची ही दोन वाक्यं मी सातवीसाठी ठेवते, पाचवीला जड जातील. पाचवीच्या पत्रिकेत चार पानं करते: 'ने'चं, 'पर्यंत'चं, 'ऊन'चं आणि बाजाराचं. 'नी' आणि 'वर'चं पान गणिताच्या सरांशी बोलून सहावीत घालीन. कच्चा मसुदा रविवारपर्यंत इथे टाकते. 'बाय संडे'. वाळपईच्या ताई, तुमच्या मुलाला आधी सोडवायला द्या आणि तो कुठे थांबतो ते मला कळवा.